जाग्या रुग्णांनी सांगितलेला नकाशा

१८६०च्या दशकात लंडनमध्ये जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन आकडी येणाऱ्या रुग्णांचं बारकाईनं निरीक्षण करत होते. काहींचा झटका अंगठ्यात सुरू होई आणि मनगट, दंड, चेहरा असा ठरावीक वाटेनं सरकत जाई. त्यावरून त्यांनी तर्क केला, की मेंदूत शरीराचे भाग कुठल्यातरी क्रमानं मांडलेले असणार. १८७० मध्ये बर्लिनच्या फ्रिच आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूला सौम्य वीजप्रवाह दिला, तेव्हा विरुद्ध बाजूचा पाय हलला. डेव्हिड फेरिअर यांनी पुढे माकडांवर हेच काम नेटानं केलं.

माणसाची पाळी १८७४ मध्ये आली, ती अमेरिकेतल्या सिनसिनाटीत. मेरी रॅफर्टी ही मोलकरीण. कर्करोगाच्या व्रणानं तिची कवटी खाल्ली होती आणि आतला मेंदू दिसत होता. डॉ. रॉबर्ट्स बार्थोलो यांनी त्यात विजेच्या सुया घातल्या. हातपाय आखडले, मुंग्या आल्या. मग त्यांनी प्रवाह वाढवला. ती रडू लागली, झटके आले, शुद्ध गेली आणि थोड्याच दिवसांत ती वारली. बार्थोलोंवर टीकेची झोड उठली, त्यांनी खेदही व्यक्त केला. मेंदूच्या नकाशाचा इतिहास सांगताना या बाईचं नाव पहिल्या पानावर यायला हवं, असं मला वाटतं.

१९०९ मध्ये हार्वे कुशिंग यांनी दोन जाग्या रुग्णांच्या मेंदूतल्या मध्यवर्ती खाचेच्या मागच्या वळीला विजेचा स्पर्श केला. रुग्णांना हातात संवेदना जाणवली, वेदना मात्र झाली नाही. खाचेपुढची पट्टी हालचालींची, मागची स्पर्शाची, हे यातून पक्कं होत गेलं.

या कामाला खरा आकार आला तो कॅनडात, वाइल्डर पेनफिल्ड यांच्या हातून. १९२८ मध्ये ते ब्रेस्लाऊला जाऊन ओटफ्रिड फोर्स्टर यांची पद्धत शिकले, आणि १९३४ मध्ये माँट्रिअलला त्यांची न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट उभी राहिली. अपस्माराचं मूळ असलेला मेंदूचा तुकडा काढायचा, पण हात लुळा पडता कामा नये आणि वाचा जाता कामा नये. त्यासाठी रुग्ण जागा हवा. डोक्याच्या त्वचेला फक्त स्थानिक भूल द्यायची, कारण खुद्द मेंदूला दुखत नाही. इलेक्ट्रोड टेकवला, की रुग्ण सांगे: अंगठ्याला मुंग्या आल्या, जीभ बधिर झाली. त्या जागेवर आकड्याची इवलीशी चिठ्ठी ठेवायची, उत्तर टिपून घ्यायचं आणि पुढच्या बिंदूकडे वळायचं. कधी हात आपोआप हले, तेव्हा रुग्ण म्हणे, हे मी केलं नाही, तुम्ही केलंत. पेनफिल्ड या उत्तरावर आयुष्यभर विचार करत राहिले.

१९३७ मध्ये पेनफिल्ड आणि एडविन बोल्ड्री यांनी १६३ शस्त्रक्रियांमधल्या नोंदी एकत्र प्रसिद्ध केल्या. त्यात श्रीमती कँटली यांनी काढलेला, पुढे जगभर गाजलेला ‘होमंक्युलस’, म्हणजे मेंदूतल्या जागेच्या प्रमाणात अवयव काढलेला माणूस, होता: अवाढव्य हात, जाडजूड ओठ, चिमुकलं धड. ज्या अवयवाचं काम जितकं नाजूक, तितकी त्याला मेंदूत जागा जास्त, हे त्या चित्रानं एका नजरेत पटवलं. पण नोंदींतले बिंदू एकमेकांत बरेच मिसळलेले होते, आणि असं चित्र काटेकोर असू शकत नाही, हे पेनफिल्ड यांनीच बजावलं होतं. पाठ्यपुस्तकांनी इशारा गाळला आणि चित्र तेवढं ठेवलं. शिवाय तो देह पुरुषाचा. स्त्रीदेहाच्या सगळ्या भागांच्या जागा नीट शोधायला एकविसावं शतक उजाडावं लागलं, याची चीड यावी इतका हा उशीर आहे.

२०२३ मध्ये सेंट लुईसच्या इव्हान गॉर्डन आणि निको डोसेनबाख यांनी एमआरआयच्या साह्यानं दाखवलं, की हालचालींची पट्टी सलग नाही. पाय, हात आणि तोंड यांच्या जागांमध्ये असे पट्टे आहेत, जे एका अवयवापुरते नसून संपूर्ण शरीराच्या कृतीची आखणी करणाऱ्या जाळ्याशी जोडलेले आहेत.

हात कापल्यावर शेजारचा चेहऱ्याचा भाग मेंदूतली हाताची जागा बळकावतो, ही समजूत माकडांवरच्या प्रयोगांपासून कित्येक दशकं चालत आली होती. २०२५ मध्ये हंटर शोन, टॅमर मेकिन आणि सहकाऱ्यांनी तीन माणसांचे हात कापण्याआधीचे आणि नंतरचे नकाशे ताडून पाहिले. नसलेली बोटं हलवायला सांगितल्यावर हाताचा भाग पूर्वीसारखाच जागा झाला. नसलेला हात दुखतो, तो नकाशा बिघडल्यामुळे, असं धरून आखलेले उपचार आता मुळापासून तपासावे लागतील. आणि मेंदूच्या संकेतांवर कृत्रिम हात चालवू पाहणाऱ्यांना कापलेल्या हाताची जागा अजूनही हाताशी आहे.