रात्री बोटीवर जागं कोण राहणार?

आपल्या सोलापुरात समुद्र नाही. तरी सुट्टी लागली की तारकर्ली-मालवणला जाऊन केलेल्या स्कुबाचे फोटो निम्म्या ओळखीच्यांच्या स्टेटसला असतात. परवा एका मैत्रिणीने विचारलं, "आता रात्रीचं डायव्हिंग करायचंय. तू अपघातांवर पीएच.डी. करतेस ना? मग सांग, धोका किती?" तिला दिलेलं उत्तर जरा सविस्तर इथे लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे, पर्यटकांच्या स्कुबात मार्गदर्शक आपल्याला हाताला धरून फिरवतो. तेवढ्या अनुभवावर रात्री पाण्यात उतरायचं नसतं. त्याला रीतसर प्रशिक्षण लागतं. रात्री टॉर्चच्या झोतापुरतंच दिसतं. दिशा चुकते, जोडीदार नजरेआड होतो, हाताच्या खुणा दिसत नाहीत. म्हणून सगळं आधी, उजेडात ठरवावं लागतं. जागा दिवसा पाहिलेली हवी. प्रत्येकाकडे दोन टॉर्च हवेत, सिलिंडरला एक छोटा दिवा हवा. टॉर्च गोल फिरवला तर 'ठीक आहे', जोरजोरात आडवा हलवला तर 'अडचण आहे'. जोडीदार हरवला तर फार तर एक मिनिट शोधायचं आणि सावकाश वर यायचं.

आता अभ्यासाकडे वळू. मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी १९९० च्या सुमारास मांडलेली कल्पना आमच्या विषयात फार वापरतात. त्यांनी भोकं असलेल्या चीजच्या चकत्यांचं उदाहरण दिलं. आपण एकापुढे एक धरलेल्या चाळण्या समजू. प्रत्येक चाळणी म्हणजे सुरक्षेची एक व्यवस्था. कुठलीच बिनभोकाची नसते. पण एकीचं भोक दुसरी झाकते. सगळ्यांची भोकं एका रेषेत आली की अपघात आरपार जातो.

२ सप्टेंबर २०१९ ला कॅलिफोर्नियाजवळ 'कन्सेप्शन' या डायव्हिंग बोटीवर हेच झालं. पहाटे तीनच्या सुमारास बोटीला आग लागली आणि खालच्या मजल्यावर झोपलेले ३४ जण गेले. त्यात नागपूरची एक तरुणी आणि तिचा नवराही होता. पाण्यात कुणालाच काही झालं नव्हतं. धोका बोटीवर, झोपेत आला.

एकेक चाळणी बघा. रात्री कुणीतरी बोटीवर फिरती गस्त घालणं बंधनकारक होतं, पण सगळे कर्मचारी झोपले होते. खालून बाहेर पडायच्या दोन वाटा होत्या, पण दोन्ही वरच्या एकाच दालनात उघडत होत्या, आणि आग तिथेच होती. त्या दालनात धूर ओळखणारं यंत्र नव्हतं. आग लागली तर काय करायचं, याचं कर्मचाऱ्यांना पुरेसं शिक्षण नव्हतं.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाला आगीचं नेमकं कारण ठरवता आलं नाही. तरीही २०२३ मध्ये कप्तान दोषी ठरला आणि २०२४ मध्ये त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. ठिणगी कुठून आली हे कळलं नाही, पण जागं राहायची व्यवस्था कुणी करायची होती, हे स्पष्ट होतं.

माझ्या मते प्रशिक्षकाची जबाबदारीही अशीच मोजायला हवी. लाट, प्रवाह, बिघडलेला टॉर्च त्याच्या हातात नसतो. पण एका वेळी किती जणांना न्यायचं, पाणी गढूळ असेल तर ती संख्या कमी करायची की डाइव्हच रद्द करायचा, वर आल्यावर माणसं मोजायची की नाही, हे सगळं त्याच्या हातात असतं. नियमातला आकडा ही कमाल मर्यादा असते. तेवढी माणसं भरलीच पाहिजेत, असा त्याचा अर्थ नाही.

म्हणून पैसे भरण्याआधी विचारा: ही जागा तुम्ही आज दिवसा पाहिली का? माझ्यासोबत किती जण आहेत? आम्ही खाली असताना बोटीवर कोण थांबणार? काय दिसलं तर तुम्ही डाइव्ह रद्द कराल? चांगला प्रशिक्षक या प्रश्नांनी चिडत नाही, कारण त्याने ते स्वतःला आधीच विचारलेले असतात.

आणि मुक्काम बोटीवरच असेल, तर एक प्रश्न आणखी: आम्ही झोपल्यावर जागं कोण राहणार?