जुन्या ट्रकला एअर ब्रेक बसवावेत काय?

कापडाच्या व्यापाऱ्याने ब्रेकवर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु ज्याच्या घरची गाडी असते त्याला कापडाबरोबर लायनरचाही हिशेब ठेवावा लागतो. वडिलांनी घेतलेला लांब नाकाचा जुना ट्रक आमच्याकडे अजून आहे. आता तो सूत व बीम आणण्यापुरता गावातच फिरतो. अशा गाड्या बाळगणारे बांधव विचारतात की ऑईलचे ब्रेक काढून एअर ब्रेक बसवावेत काय? उत्तर देण्याआधी आमच्यावर गुजरलेला एक प्रसंग सांगतो.

१९९७ साली हीच गाडी कोऱ्या कापडाच्या गाठी घेऊन मालेगावहून भिवंडीला निघाली होती. इगतपुरी सोडून कसारा घाट उतरताना पेडल एकदम फळीला टेकले. ड्रायव्हरचाचांनी गिअर खाली आणला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या अंगाला घासून थांबवली. माणसे वाचली, माल रस्त्यावर पडला. दोन तासांनी मिस्त्री आला. त्याने पेडल दाबून पाहिले तर ते टणक! “शेठ, ब्रेक ठीक आहे, ड्रायव्हरला झोप लागली असेल,” असे तो म्हणाला. अब्बांनी चाचांचा दोन महिन्यांचा पगार कापला.

चाचांचा कसूर नव्हता. ब्रेक ऑईल हवेतील ओल शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे नवे ऑईल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. तेच ओल धरल्यावर १४० अंशाच्या आसपास उकळू शकते. डॉट ४ साठी हे आकडे २३० व १५५ आहेत. लांब उतारावर ब्रेक धरून ठेवला की ड्रम तापतो, उष्णता चाकाच्या सिलिंडरात जाते व ऑईलची वाफ होते. ऑईल दाबले जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल खाली जाते. गाडी थंड झाली की वाफेचे पुन्हा ऑईल होते आणि पेडल पूर्ववत टणक लागते. पेडल टणक राहूनही गाडी थांबत नसेल तर तो निराळा दोष, लायनर तापल्याचा. आमच्या गाडीतले ऑईल किती वर्षांचे होते हे कोणालाच ठाऊक नव्हते. हे सर्व मला एका जुन्या उस्तादाने समजावले, पण फार उशिरा. कापलेले पैसे चाचांना परत केले. तोवर ते दुसऱ्याच्या गाडीवर लागले होते.

तेव्हा पहिली दुरुस्ती ही, आणि तीच सर्वात स्वस्त. दर दोन वर्षांनी सर्व ऑईल काढून नवे भरावे व चारही कोपऱ्यांची हवा काढावी. डबा उघडा ठेवलेले ऑईल वापरू नये. इंजिन ऑईल तर थेंबभरही नको, त्याने रबरी वॉशर फुगतात. लायनर एका चाकाचे संपले तरी त्या एक्सलच्या दोन्ही चाकांचे बदलावेत, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. ड्रम लेथवर घ्यावा, पण कंपनीच्या मर्यादेपलीकडे घासलेला ड्रम भंगारातच टाकावा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते. ड्रममधील धूळ हवेच्या पाईपने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. ती पोराच्या फुप्फुसात जाते, आणि गॅरेजात हे काम नेमके लहान पोरालाच देतात.

आता एअर ब्रेक. त्यासाठी कॉम्प्रेसर, टाक्या, व्हॉल्व्ह, चेंबर आणि बहुधा पूर्ण एक्सल बदलावे लागतात. भंगार बाजारात हे सर्व मिळते, परंतु तीन गाड्यांचे तीन तुकडे जोडून एक ब्रेक होत नाही. चेंबरचा आकार व लिव्हरची लांबी जुळली नाही तर मागची चाके आधी जाम होतात. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ रचनेतील बदलांवर बंधन घालते. कोणताही बदल करण्याआधी आर.टी.ओ.त विचारावे.

माझ्या मते खरी सुधारणा दुसरीच आहे. बऱ्याच जुन्या गाड्यांत मास्टर सिलिंडर एकच लाईन चालवतो. एक नळी फुटली की चारही चाके गेली. जोड सिलिंडर बसवून पुढची व मागची लाईन वेगळी केली तर एक गेली तरी दुसरी राहते. मात्र सिलिंडरचा बोअर जुन्याएवढाच घ्यावा. मोठा घेतला तर पेडल जड होते. बूस्टर ऑईलच्या लाईनमध्ये असेल तर दोन लाईनींना दोन बूस्टर लागतात. अनेक मिस्त्री इथे बचत करतात आणि पुढे पुन्हा एकच लाईन करून टाकतात.

डिझेल गाडीत बूस्टरचे व्हॅक्यूम इंजिनवर चालणाऱ्या पंपातून येते. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद केले तर एक-दोन दाबांनंतर मदत संपते. न्यूट्रलमध्येही उतरू नये. ज्या गिअरमध्ये भरलेली गाडी चढेल, त्याच गिअरमध्ये उतरावी.

काम झाल्यावर रिकाम्या मैदानात, आधी रिकामी व मग भरलेली गाडी चालवून पाहावी. इंजिन चालू ठेवून पेडल एक मिनिट जोराने दाबून धरावे. ते हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळती आहे. गाडी परत गॅरेजात न्यावी, आणि जुने वॉशर मिस्त्रीकडून मागून घेऊन स्वतः पाहावेत.