नोटाला जास्त मते पडली म्हणून निवडणूक रद्द होत नाही

निवडणूक जवळ आली की तोच दावा पुन्हा फिरू लागतो: 'नोटा'ला, म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही' या बटणाला, सर्वाधिक मते पडली तर निवडणूक रद्द होते आणि सगळे उमेदवार बाद ठरतात. लोकसभा आणि विधानसभेपुरते बोलायचे तर हे साफ खोटे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१३ रोजी हे बटण द्यायला सांगितले ते प्रामुख्याने गुप्ततेसाठी. त्याआधी ४९-ओ नियमाखाली मत नाकारणाऱ्याची नोंद केंद्रावरच्या वहीत होई, त्यामुळे त्याचा नकार उघडा पडे. विजेता ठरवण्याचा नियम मात्र तसाच राहिला. शंभरातली नव्वद मते नोटाला गेली तरी उरलेल्या दहांत जो पुढे, तोच आमदार. निवडणूक आयोगाने हे २०१३ मध्येच स्पष्ट केले होते. २०२४ मध्ये इंदूरला काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला, पक्षाने नोटा दाबण्याचे आवाहन केले आणि २,१८,६७४ मतदारांनी तो दाबला. भाजपचा उमेदवार ११ लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून आला. २०१९ मध्ये लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, निकालाला त्याचा धक्काही लागला नाही. नोटामुळे अनामत जप्त होते, हेही चूक: तो हिशेब वैध मतांच्या एक षष्ठांशावर होतो आणि नोटा त्या मतांत धरला जात नाही.

यावर महाराष्ट्रातले वाचक राज्य निवडणूक आयोगाच्या २०१८ च्या आदेशाकडे बोट दाखवतील: नोटाला सर्वाधिक मते पडली तर फेरनिवडणूक घ्यावी. तो आदेश खरा आहे आणि गोंधळाचे मूळ बहुधा तिथेच आहे. पण तो फक्त स्थानिक स्वराज्य संस्थांना लागू आहे, आणि फेरनिवडणुकीतही नोटाच पुढे राहिला तर सर्वाधिक मतांचा उमेदवारच विजयी ठरतो.

मग निषेध करायचाच नाही का? जरूर करावा, पण कोणत्या पद्धतीत मत देतो आहोत हे पाहून. फ्रान्समध्ये अध्यक्षपदासाठी बहुधा दोन फेऱ्या होतात. २००२ मध्ये डाव्यांची मते पहिल्या फेरीत विखुरली आणि त्यांचे प्रमुख उमेदवार जोस्पँ बाहेर फेकले गेले. दुसऱ्या फेरीत त्याच मतदारांतल्या अनेकांनी कट्टर उजव्या ल पेन यांना रोखण्यासाठी नावडत्या, उजव्या शिराक यांना मत दिले आणि शिराक ८२ टक्क्यांनी जिंकले. आपल्याकडे विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात पसंतीक्रम असतो: पहिली पसंती दुबळ्या पण आवडत्या उमेदवाराला दिली आणि तो बाद झाला, तर मत दुसऱ्या पसंतीकडे जाते. लोकसभेत ही सोय नाही. तिथे दोन प्रमुख उमेदवारांपैकी एक त्यातल्या त्यात बरा वाटत असूनही नोटा दाबणारा मतदार त्या दोघांतली निवड इतरांवर सोपवतो.