बेकारीचा काळ आणि उद्योगशीलता

नोकरीच्या शोधात असलेल्या तरुणास वडीलधाऱ्यांकडून जो उपदेश हमखास ऐकावा लागतो, त्याचे सार एवढेच असते की, त्याने आळस टाकावा, वेळेवर उठावे आणि हाती काम नसले तरी कामाची सवय मोडू देऊ नये. या उपदेशाच्या मुळाशी एक गृहीतक आहे. उद्योगशीलता हा व्यक्तीच्या स्वभावाचा गुण असून नोकरी असो वा नसो, ज्याच्या अंगी तो आहे त्याच्यापाशी तो टिकतोच, असे हे गृहीतक होय. ‘रिकामटेकडा’ या मराठी शब्दातही रिकामेपणाच्या जोडीला दूषण येते, ते याच समजुतीमुळे. समाजशास्त्राने या प्रश्नाचा जो शोध घेतला, त्यातून निष्पन्न होणारे चित्र मात्र निराळे आहे.

या विषयावरील सर्वांत मोलाचा अभ्यास ऑस्ट्रियातील मारियेनथाल या गावाचा होय. व्हिएन्नाच्या आग्नेयेस वसलेले हे गाव एका कापड गिरणीवर जगत असे. 1929 ते 1930 या काळात मंदीच्या तडाख्यात गिरणी बंद पडली आणि गावातील 478 कुटुंबांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कुटुंबे बेकारभत्त्यावर येऊन पडली. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड व हान्स झाइझेल यांनी 1931-32 च्या सुमारास या गावाची पाहणी केली. त्यांचा ग्रंथ 1933 मध्ये प्रसिद्ध झाला. हे गाव मुळात आळशी माणसांचे नव्हते, ही गोष्ट येथे विशेष लक्षात घेतली पाहिजे. गिरणी चालू असताना येथील कामगार दिवसभर राबून पुन्हा सायंकाळी वाचनालय, नाट्यमंडळ, क्रीडासंघ व राजकीय सभा यांसाठी सवड काढीत.

गिरणी बंद झाल्यावर सवडच सवड झाली. अशा वेळी वाचन वाढावे, ही अपेक्षा स्वाभाविक होती. शिवाय पूर्वी आकारले जाणारे शुल्कही वाचनालयाने रद्द केले होते. तथापि 1929 ते 1931 या दोन वर्षांत पुस्तकांची देवघेव जवळजवळ निम्म्याने घटली. संशोधकांनी मुख्य रस्त्यावरून जाणाऱ्यांची चालही मोजली. सुमारे दोन तृतीयांश पुरुष वाटेत निदान दोनदा तरी थांबत. कोठेही न थांबता रस्ता संपविणारा दहांमध्ये एखादाच. 100 पुरुषांपैकी 88 जणांजवळ घड्याळ नव्हते आणि त्यांपैकी 31 जणांचे घड्याळ घरी पडून होते. दिवसभराचा वेळ कसा गेला हे लिहून देण्यास सांगितले असता उठणे, जेवणे व निजणे यांपलीकडे पुरुषांना फारसे काही आठवत नसे. दिवसभर मोकळे असूनही ते दुपारच्या जेवणास उशिरा येतात, अशी त्यांच्या बायकांची तक्रार होती! बायकांची चाल मात्र पुरुषांच्या दीडपट होती, कारण त्यांची मजुरी बुडाली असली तरी घरकाम सुटले नव्हते. ज्यांच्या दिवसाला अद्याप आकार होता त्यांची गती टिकली आणि ज्यांचा दिवस निराकार झाला त्यांची गती गेली.

तात्पर्य, आळस हे येथे बेकारीचे कारण नसून तिचा परिणाम आहे. याहोडा यांनी पुढे 1982 च्या आपल्या ग्रंथात या निरीक्षणांना सिद्धांताचे रूप दिले. नोकरीचा उघड हेतू वेतन हा होय. परंतु ती नकळत आणखी पाच गोष्टी पुरविते. दिवसाची आखणी, कुटुंबाबाहेरील माणसांचा सहवास, सामूहिक हेतूत सहभाग, समाजातील स्थान आणि नियमित हालचालीची सक्ती या त्या पाच गोष्टी. उद्योगशीलता म्हणून जिचा गौरव होतो, तिचा बराचसा भाग या बाहेरील चौकटीने उभा धरलेला असतो. नोकरी गेली की चौकट जाते. आणि नोकरीचा शोध हे काम असे की, त्याला ना वेळापत्रक, ना वरिष्ठ, ना दिवसअखेर दाखविता येण्याजोगे फलित. प्रबंधाच्या लेखनात गुंतलेल्या विद्यार्थ्यास ही अवस्था अगदीच अपरिचित नसावी.

या सिद्धांतावर आक्षेपही आहेत. मारियेनथालमध्ये दारिद्र्य व बेकारी एकत्र नांदत होती. तेव्हा गतीचा ऱ्हास उपासमारीमुळे किती व चौकट मोडल्यामुळे किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. डेव्हिड फ्रायर व रॉय पेन यांनी 1984 मध्ये बेकारीचा काळ उत्तम रीतीने उपयोगात आणणाऱ्या 11 व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि माणूस केवळ परिस्थितीच्या हातचे बाहुले नाही, हे दाखवून दिले. आक्षेप रास्त आहे. मात्र स्वतःची चौकट स्वतः उभारणे कित्येकांना साधते म्हणून ते सर्वांना साधावे, असे त्यातून सिद्ध होत नाही.

मग चौकट बाहेरून पुरविता येईल काय? अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ नेथन अझ्रिन व त्यांचे सहकारी यांनी 1975 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यांनी नोकरी शोधणाऱ्यांचे एक मंडळच स्थापन केले. सभासदांनी रोज ठरल्या वेळी जमावे, जोडीजोडीने एकमेकांस साहाय्य करावे, जाहिराती पाहाव्या, दूरध्वनी करावे, अर्ज लिहावे आणि केलेल्या कामाची नोंद ठेवावी, असा शिरस्ता होता. दोन महिन्यांच्या आत मंडळातील 90 टक्के उमेदवारांना नोकरी लागली. मंडळाबाहेरील तुलनीय उमेदवारांत हे प्रमाण 55 टक्के होते. इच्छाशक्तीवर प्रवचन न देता हे साधले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

पुण्यात सदाशिव पेठ व तिच्या आसपास चालणाऱ्या अभ्यासिका याच तत्त्वाचे देशी रूप होत. स्पर्धा परीक्षांचा उमेदवार खोलीवर फुकट वाचू शकत असता दरमहा शुल्क भरून अभ्यासिकेतील एक खुर्ची घेतो, तेव्हा तो केवळ शांतता विकत घेत नाही. ठरल्या वेळी निघणे, शेजारच्या खुर्चीवरील वाचणाऱ्याची मूक देखरेख, चहाच्या वेळची चार माणसे, हे सर्व त्या शुल्कात येते.

येथे एक मर्यादा मात्र स्पष्ट केली पाहिजे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या 2023 च्या नागरी सेवा परीक्षेस 10 लाखांहून अधिक अर्ज आले आणि अखेरीस 1,016 उमेदवारांची शिफारस झाली. सर्व उमेदवारांची निष्ठा दुप्पट झाली असती तरी या दुसऱ्या आकड्यात एकाचीही भर पडली नसती. खुल्या श्रमबाजारात जागा अशा मोजक्या व ठरलेल्या नसतात. परंतु तेथेही हा प्रश्न उद्भवतोच. फ्रान्समध्ये 2007 पासून 235 स्थानिक श्रमबाजारांत सुशिक्षित बेकार तरुणांवर केलेल्या एका विस्तृत प्रयोगाचे निष्कर्ष ब्रुनो क्रेपों, एस्तेर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये मांडले. ज्यांना शोधकार्यात विशेष साहाय्य मिळाले, त्यांना स्थिर नोकरी मिळण्याची शक्यता आठ महिन्यांनंतर वाढलेली आढळली; पण हा लाभ तात्पुरता होता आणि साहाय्य न मिळालेल्या इतर तरुणांच्या पीछेहाटीतून तो अंशतः आलेला होता. जेथे नोकऱ्यांची टंचाई अधिक, तेथे ही पीछेहाटही अधिक दिसून आली.