नळीने दुखावलेल्या शिरेवर नळीचाच इलाज

ठाणे, प्रतिनिधी

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला तातडीने डायलिसिसची गरज भासते, तेव्हा मानेतील मोठ्या शिरेत नळी घातली जाते. अतिदक्षता विभागात 'सेंट्रल लाइन' म्हणून ओळखली जाणारी ही नळी अनेकांची जीवनवाहिनी ठरते. क्वचित मात्र तीच शिरेला इजा करते. एकेकाळी अशा इजेसाठी छाती उघडावी लागे. आता अनेकदा सुईच्या छिद्रातूनच दुरुस्ती साधते.

जर्मन डॉक्टर वेर्नर फोर्समन यांनी १९२९ मध्ये स्वतःच्या हाताच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी नेली. १९५६ मध्ये त्यांना नोबेल पुरस्कार विभागून मिळाला. आधी सुई, मग तार आणि तारेवरून नळी ही आजची पद्धत स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये मांडली.

इजा दोन प्रकारची

पहिली तत्काळ होणारी. यात शिरेला छिद्र पडते किंवा सुई शेजारच्या धमनीत शिरते. दुसरी सावकाश होणारी. नळीच्या सततच्या घर्षणाने शिरेचे अस्तर जाड होते आणि शीर अरुंद बनते. हासळीच्या हाडाखालील शिरेत हा धोका अधिक असल्याने डायलिसिससाठी मानेतील उजव्या शिरेला पसंती दिली जाते. हातावर फिस्टुला केल्यावर रक्तप्रवाह वाढतो, हात सुजतो आणि तेव्हाच अनेकदा हा दोष उघड होतो.

दुरुस्ती कशी होते?

मांडीच्या किंवा हाताच्या शिरेतून बारीक तार क्ष-किरणांच्या साह्याने इजेपर्यंत नेतात. शीर अरुंद असेल तर तेथे फुगा फुगवून ती रुंद करतात. मात्र ती पुन्हा आकसण्याची शक्यता मोठी असल्याने हा उपचार वारंवार करावा लागतो. छिद्र असल्यास फुग्याने रक्तस्राव तात्पुरता रोखून कापडी आवरणाचा स्टेंट आतून बसवला जातो. प्रत्येक जागी स्टेंट चालत नाही. महत्त्वाची शाखा बंद होणार असेल तर शस्त्रक्रियाच करावी लागते.

येथे एक नियम कळीचा आहे. चुकून धमनीत गेलेली जाड नळी घाईने ओढून काढू नये. ती असेपर्यंत छिद्र बऱ्याच अंशी बुजलेले राहते. काढताच रक्तस्राव किंवा पक्षाघात ओढवू शकतो. नळी जागेवर ठेवून, तपासणी करून रक्तवाहिनीतज्ज्ञांना बोलावणेच श्रेयस्कर.

अंतराचा प्रश्न

ठाणे महापालिकेचे कळव्यातील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, तसेच कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय हे सामान्यांचे आधार. तथापि, अवघड उपचारांसाठी अनेकांना शीव, परळ गाठावे लागते. शीर हळूहळू अरुंद होत असेल तर लोकलचा प्रवास परवडतो. छाती आतून रक्ताने भरत असताना नाही. म्हणून नळी सोनोग्राफीच्या साह्याने घालणार का आणि गुंतागुंत झाल्यास रुग्णाला कोठे हलवणार, हे नातेवाइकांनी आधीच विचारून घ्यावे.

उत्तम उपाय म्हणजे नळीची गरजच टाळणे. फिस्टुला वापरायोग्य होण्यास सहसा दीड-दोन महिने लागतात. त्यामुळे मूत्रपिंडाचा आजार बळावताच तो करून घ्यावा आणि त्या हातातून रक्त काढू देऊ नये. नळी असलेल्यांनी हात किंवा चेहरा सुजणे, छातीवर शिरा ठळक दिसणे ही लक्षणे अंगावर काढू नयेत. नळी निसटल्यास जागा घट्ट दाबून धरावी आणि तत्काळ रुग्णालय गाठावे.