गळ्यात नंबर, हातात बॅग

सहलीला निघताना आई स्टेशनवर शंभर सूचना देते ना? १९३९ साली प्राग स्टेशनवरच्या आयाही देत होत्या. पण त्यांच्या मुलांच्या गळ्यात नंबर होते! प्राग नाझींच्या ताब्यात गेलं होतं, ज्यूंचा छळ चालू होता. ब्रिटन १७ वर्षांखालच्या मुलांना घ्यायला तयार होतं. आईबाबांना मात्र नाही. लेकराला एकटं परक्या घरी पाठवायचं, की जवळ ठेवायचं? (तुमच्या आईला विचारून बघा बरं!) निकोलस विंटन आणि सोबत्यांनी ६६९ मुलं ब्रिटनला पोचवली. ‘आम्ही मागून येतोच’ असं सांगत कित्येक आईबाबांनी रडू आवरलं. १ सप्टेंबर १९३९ला आणखी सुमारे २५० मुलं निघणार होती. त्याच दिवशी युद्ध पेटलं. गाडी सुटलीच नाही. आणि आधी पोचलेल्यांपैकी बहुतेकांना आईबाबा पुन्हा दिसले नाहीत.