हुकूम देणाऱ्याचे शिक्षण

जळत्या इमारतीसमोर बंब उभा राहतो, गडी खाली उतरतात, आणि आत शिरावयाचे की बाहेरूनच पाण्याचा मारा करावयाचा, हा निर्णय त्यांच्या नायकाला पहिल्या एक-दोन मिनिटांत, अपुऱ्या माहितीवर आणि लोकांच्या आक्रोशात घ्यावा लागतो. अमेरिकेत हा नायक बहुधा लेफ्टनंट किंवा कॅप्टन या हुद्द्याचा असतो, आणि त्याच्या हाताखालची तीन-चार माणसे त्याचा शब्द प्रमाण मानून धुरात शिरतात. धैर्य तर बंबावरच्या प्रत्येक माणसापाशी असावेच लागते. परंतु ज्याच्या हुकमावर इतरांचे प्राण अवलंबून आहेत त्याच्यापाशी धैर्याबरोबर अभ्यासाने कमावलेले ज्ञानही असले पाहिजे, ही जाणीव त्या देशात गेल्या साठ वर्षांत उत्तरोत्तर दृढ होत गेली, आणि नोकरी न सोडता ते ज्ञान मिळविण्याचे स्थान म्हणून तेथील कम्युनिटी कॉलेज पुढे आले.

इलिनॉय राज्यातील जोलिएट या गावी १९०१ साली अशा कॉलेजाचा आरंभ झाला. पुढे १९४७ साली राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या उच्चशिक्षण आयोगाने त्यांच्या विस्ताराची जोरदार शिफारस केली. प्रवेशाची अट सौम्य, फी विद्यापीठाच्या मानाने पुष्कळच कमी, आणि विद्यार्थी बव्हंशी आसपासचेच, त्यांतही कित्येक पोटापाण्याच्या उद्योगाला लागलेले, असे या संस्थांचे स्वरूप असते. तेथे सुमारे साठ क्रेडिटांची, एरवी दोन वर्षांची, ‘असोसिएट’ पदवी मिळते. नोकरदाराला मात्र तिला चार-पाच वर्षेही लागतात. अनेक अग्निशमन दलांत चोवीस तास ठाण्यावर हजेरी आणि पुढचे अठ्ठेचाळीस तास मोकळे असा शिरस्ता असल्यामुळे आठवड्याच्या ठराविक वारी वर्गात बसणे त्याला साधत नाही. म्हणून कित्येक कॉलेजे एकच पाठ निरनिराळ्या दिवशी पुन्हा घेतात किंवा इंटरनेटवरून शिकवितात. शिक्षणसंस्थेने विद्यार्थ्याच्या पाळ्या पाहून आपले वेळापत्रक आखावे, ही गोष्ट मला त्या व्यवस्थेचे खरे भूषण वाटते.

अग्निशास्त्रातील या पदवीमागे एक मोठी राष्ट्रीय खटपट उभी आहे. विस्कॉन्सिनमधील विंगस्प्रेड येथे १९६६ साली जमलेल्या अग्निशमन-धुरीणांनी, आपल्या पेशाला प्रतिष्ठा हवी असेल तर तिचा आरंभ शिक्षणापासून झाला पाहिजे, अशी भूमिका घेतली. १९७३ साली ‘अमेरिका बर्निंग’ हा राष्ट्रीय आयोगाचा अहवाल निघाला आणि पुढल्याच वर्षी कायदा झाला. त्या कायद्यातून निर्माण झालेली राष्ट्रीय अग्निशमन अकादमी आज मेरीलँडमधील एमिट्सबर्ग येथे आहे, आणि तिच्याच पुढाकाराने देशभरच्या कॉलेजांसाठी एक समान अभ्यासक्रम आखला गेला. आपल्याकडे हेच कार्य प्रामुख्याने नागपूरचे राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय करीत आले आहे. १९५६ साली रामपूर येथे निघालेली ती संस्था लवकरच नागपुरास आली, आणि देशभरच्या दलांतले अंमलदार तेथे शिकून गेले. मात्र तिकडे विद्यार्थी राष्ट्रीय संस्थेकडे जाण्याऐवजी अभ्यासक्रमच गावोगावच्या कॉलेजांत आला.

या अभ्यासक्रमातील विषयांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो इमारतींच्या बांधणीचा. तो विषय ज्याच्या लेखणीने घडविला तो फ्रान्सिस ब्रॅनिगन मेरीलँडच्या माँटगोमेरी कॉलेजात, म्हणजे एका कम्युनिटी कॉलेजातच, अग्निशास्त्र शिकवीत असे. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने बंबवाल्यांना शत्रू म्हणून आगीइतकीच इमारतीची ओळख करून दिली. छपराची कैची त्याच्या विशेष रोषास पात्र झाली होती. कैचीचे सारे सामर्थ्य तिच्या अवयवांच्या परस्परबंधनात असते. एक सांधा जळाला की त्याचा भार ज्यांच्यावर येतो तेही निकामी होतात, आणि छप्पर हळूहळू न वाकता एकाएकी कोसळते. हे छप्पर बहुधा छताच्या आड दडलेले असल्यामुळे, वरच्या पोकळीत आग धुमसत असताना खालच्या खोलीत उभ्या असलेल्या माणसाला फारशी धगही जाणवत नाही.

न्यू जर्सीतील हॅकेनसॅक येथे १ जुलै १९८८ रोजी नेमके हेच घडले. एका मोटार-दुकानाच्या धनुष्याकृती कैच्यांच्या छपरात आग लागली होती. आत गेलेल्या जवानांवर ते छप्पर आले आणि पाच जण प्राणांस मुकले. धोक्याचे ज्ञान छापील ग्रंथांत उपलब्ध असता ही माणसे दगावली, हा विचार मनाला फार व्यथित करतो. त्यानंतर त्या राज्याने कैचीच्या इमारतींवर त्रिकोणी पाटी लावण्याची सक्ती केली: मजल्याच्या जमिनीखाली कैची असेल तर ‘एफ’, छपरात असेल तर ‘आर’, आणि दोन्हीकडे असेल तर दोन्ही अक्षरे.

दुसरा विषय पाण्याच्या गणिताचा. अकादमीने शिकविलेले एक सोपे सूत्र असे, की जळत्या भागाची लांबी आणि रुंदी फुटांत मोजून त्यांचा गुणाकार करावा, त्याला तिनाने भागावे, म्हणजे दर मिनिटाला किती गॅलन पाणी हवे त्याचा अंदाज मिळतो. तीस फूट रुंद आणि चाळीस फूट लांब घर सर्वस्वी पेटलेले असेल तर चारशे गॅलन. म्हणजे एका लहान पाइपाने ती आग विझणे शक्य नाही, आणि जास्त पाइप आणि माणसे आल्याखेरीज आत जाणे व्यर्थ आहे. त्यातच, त्याच पाइपातून दुप्पट पाणी न्यावयाचे म्हटले की घर्षणाने होणारी दाबाची हानी चौपट होते, हेही नायकाला ठाऊक असावे लागते. ही गणिते भर गर्दीत कोणी कागदावर करीत नाही. वर्गात ती शेकडो वेळा केलेली असल्यामुळेच घटनास्थळी ती नजरेने होतात.

अनुभव हाच खरा गुरू, असे म्हणणारे जुने कॅप्टन तिकडेही आहेत, आणि त्यांचे म्हणणे मी अवमानू इच्छित नाही; धूर ज्याने कधी गिळला नाही अशा पदवीधराच्या हुकमावर कोणी विश्वास ठेवू नये. परंतु अनुभवही जुना होतो. जुन्या लाकडी आणि सुती सामानाने सजविलेली खोली आणि आजच्या फोमच्या गाद्या नि प्लास्टिकच्या वस्तूंनी भरलेली खोली अशा दोन खोल्या शेजारी शेजारी पेटवून पाहिल्या, तेव्हा जुनी खोली सर्वांगी भडकण्यास सुमारे अर्धा तास लागला. नवी पाच मिनिटांच्या आतच भडकली. ज्याने आपली अक्कल पहिल्या खोलीत कमावली त्याला दुसऱ्या खोलीचा हिशेब नव्यानेच शिकावा लागतो.

बढतीच्या वेळी काही दले या पदवीला नुसते गुण देतात, काही ती आवश्यकच मानतात. लेखी परीक्षा आणि मुलाखत यांच्याबरोबर उमेदवाराला पुष्कळदा पडद्यावर पेटलेली इमारत दाखवून, वायरलेसवर द्यावयाचे हुकूम तेथल्या तेथे द्यावयास लावतात. मला मात्र या शिक्षणाची कसोटी आणखी एका ठिकाणी लागावीशी वाटते. आग नसलेल्या दिवशी कॅप्टन आपल्या माणसांना घेऊन हद्दीतल्या गुदामांत, शाळांत, बाजारांत जातो, छतावरचे झाकण सरकवून विजेरीच्या उजेडात छपराची बांधणी पाहतो, पाण्याचे नळ आणि बाहेर पडण्याच्या वाटा दप्तरात नोंदवितो, आणि त्या इमारतीच्या नावापुढे, येथे आग लागल्यास कोणालाही छपराखाली पाठवू नये, असा शेरा स्वतःच्या सहीने लिहून ठेवतो. पुढे कधी तेथून मदतीची हाक आली आणि त्या दिवशी तो स्वतः रजेवर असला, तरी पाळीवर असलेल्या दुसऱ्या अंमलदाराला तो शेरा वाटेतच वाचून दाखविला जाईल.